भावाच्या वाटचे रोट

श्रावणातल्या त्या शनिवारी तोताराम आबांनी गव्हाची मूठ टोपल्यात सोडली, तोंडाने "जीवराम" असं म्हटलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जीवरामशी आपलं बोलणं नाही.

मूठ तर पडून गेली होती. बरं, तिथे तरी थांबावं माणसाने? पण हाताला आईच्या वेळची सवय. आई नावं घ्यायची, आबा मुठी टाकायचे, आणि एका नावाचं शेपूट धरून दुसरं नाव यायचं. जीवरामच्या मागून त्याचा मुलगा रुपचंद आला, रुपचंदच्या मागून त्याची दोन्ही पोरं आली, आणि आबा भानावर आले तेव्हा धुळ्याचं अख्खं घर जळगावच्या टोपल्यात येऊन पडलं होतं.

भिंतीला टेकून बसलेल्या भिकुबाई हे बघत होत्या. "रुपचंदना पोरेसना नावं तुम्हले कोनी सांगात?" त्यांनी विचारलं.

"ऐकेल व्हतं कथातरी," आबा म्हणाले.

"मंग काढा त्या मुठी बाहेर."

"कानबाईना नावना गहू शे तो. टाकेल मूठ काढतस का कधी?"

ते मात्र खरं होतं. उद्या रविवारी कानबाई बसायची होती. घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू काढायचा, दळायचा, त्याचे जाड रोट करून देवीला दाखवायचे आणि घराण्यातल्यांनीच बसून खायचे, ही रीत. आबांच्या घरात ती अंमळ जास्तच कडक होती. रोटाचा तुकडा उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, परक्याच्या तोंडी लागता कामा नये आणि पुनवेच्या आत संपला पाहिजे. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा परकी; जावई तर परक्याहून परका. रोट उरले तर काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर ते कधी उरलेच नव्हते. त्यात आबा जातीचे आणि धंद्याचे शिंपी, जन्मभर कात्री चालवलेला पंजा. त्यांच्या मुठीत मावायचे तेवढे गहू दुसऱ्याच्या ओंजळीत मावले नसते. आणि दुष्काळाची दोन वर्षं रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन काढल्यावर घरात पहिल्यांदाच चांगला गहू आलेला, त्यामुळे हातही जरा सैल सुटला होता.

"मंग धुळ्याले निरोप धाडा," भिकुबाई म्हणाल्या. "त्यासना वाटाना रोट त्यासले खाऊ द्या."

"आपला घर येवाले बोलावनं लागस का? त्याले येवानं व्हई ते येई."

"आणि नही उना ते?"

टोपलं उचलून आबा गिरणीकडे चालते झाले.

आता हे भांडण कशावरून, ते सांगायला हवं. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ज्याच्या घरात भांडण असतं त्याला येत नाही. दोघेही भाऊ शिंपी. थोरल्याचं दुकान जळगावात, धाकट्याचं धुळ्यात. घराण्यातल्या प्रत्येक नवरदेवाचा कोट आबांनी शिवायचा, हा त्यांचा मान. रुपचंदचं लग्न निघालं तेव्हा जीवराम म्हणाला होता, "भाऊ, पोऱ्याचं माप घी ले." आबा म्हणाले होते, "मन्हा डोयाम्हा माप शे." नुसत्या नजरेने माप घेणारा शिंपी अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती, आणि ख्याती झाली की माणूस टेप हातात धरायला लाजतो.

ऐन लग्नात रुपचंदने कोट अंगात घातला तर बाही दोन बोटं आखूड. नवरदेव बिचारा दिवसभर हात पाठीमागे बांधून फिरला. तेवढ्यावर निभावलं असतं. पण व्याह्यांच्या पंगतीत कुणीतरी विचारलं, आणि जीवराम हसत बोलून गेला, "आमना भाऊनी नजर गयी आते." पंगत हसली. आबा भरल्या ताटावरून उठले आणि मांडवाच्या दारात म्हणाले, "आजपासून तुन्हं रोट न्यारं, मन्हं रोट न्यारं." खानदेशात रोट वेगळं म्हणजे घराणंच वेगळं; याच्यापुढे बोलायला काही उरत नाही.

धुळ्यात जीवरामने वेगळी कानबाई बसवली, असं कुणीतरी सांगितलं. आबांनी ते खरं धरलं. तेव्हापासून त्यांचं पोट बिघडलं.

म्हणजे सुरुवात पोटाने केली. मग झोप गेली, मग छातीत धडधड सुरू झाली, मग डोकं जड राहायला लागलं. दवाखान्यातले डॉक्टर पुण्याला शिकून आलेले, तरुण, स्वभावाने गरीब. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तक्रार कधीपासूनची?"

"रुपचंदच्या लग्नापासून," आबा म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, ही गावाकडची तारीख सांगायची पद्धत असेल. पण झोपेचं विचारलं तरी रुपचंदचं लग्न, छातीचं विचारलं तरी रुपचंदचं लग्न. त्यांनी कागदावर रुपचंद लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि गोळ्या दिल्या. पुढे गोळ्या पांढऱ्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या गुलाबी झाल्या. "रोग रेड्याले आणि औषध पखालीले," भिकुबाई दर वेळी म्हणायच्या. आबा दर वेळी पाणी मागायचे आणि गोळी गिळायचे.

तर रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, डोळे रेखले, आरती झाली, आणि एकेका नावाच्या दोन-तीन रोटांची चळत देवीपुढे आली तेव्हा मागचा दिवा दिसेना.

खाणारे बघावेत तर भुसावळहून रेल्वेतला मुलगा अभिमन आला होता, त्याची बायको आली होती आणि त्यांचा लहानगा आला होता. लहानग्याच्या नावाची मूठ भरपेट पडली होती, पण त्याला अजून दात आले नव्हते. पारोळ्याहून लेक आणि जावई आले होते. जावई चांगला उंचापुरा, मार्केट यार्डात पोती मोजणारा गडी. एका बसणीत चळत उतरवली असती. पण तो परका. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि खीर वाढून त्याला वेगळ्या ताटावर बसवलं.

आबांचं एक लक्ष ताटाकडे आणि एक दाराकडे. दारावरून कुणी गेलं की त्यांचा घास थांबायचा.

"कोनी येवानं शे का?" अभिमनने विचारलं.

"नही रे. वारा कसा शे ते देखस."

सोमवारी तलावावर विसर्जन झालं. अभिमनची ड्यूटी होती, तो दुपारच्या गाडीने बायको-पोरासह गेला. भिकुबाईंचा श्रावणी सोमवार. संध्याकाळी उपास सोडताना त्यांनी एक रोट कसाबसा संपवला आणि हात जोडले. "मन्हा वाटाना झाया. आते ज्यानी मुठी टाक्यात त्यानी खावा."

"खास ना," आबा म्हणाले. "मी काय भितस का रोटले?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आबांनी ती टोपल्यात उघडली होती, आता निस्तरणं आलं. मंगळवारी सकाळी त्यांनी दुधाचा पेला घेतला, पाटावर बसले आणि एक रोट पुढ्यात ओढला. "हाऊ जीवरामना," म्हणाले आणि असा कडकडून चावा घेतला की रोटाच्या जागी जीवराम असता तर ओरडला असता.

"हळू खा," भिकुबाई म्हणाल्या. "भाऊ शे तो."

दुपारी रुपचंद खाल्ला. संध्याकाळी रुपचंदचा थोरला खाल्ला. जावई बिचारा समोर बसून बघत होता. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं आणि सासऱ्याच्या कपाळाला घाम.

"मामा, थोडी मदत करू का? कोण बघतंय?" तो हळूच म्हणाला.

"जावईबापू, तुम्ही पाहुणे. तुम्ही फक्त बसा."

बुधवारी दुपारी, रुपचंदच्या धाकट्याचा अर्धा रोट बाकी असताना, आबांच्या पोटात कळ आली. ती छातीकडे सरकली, पाठीत गेली, आणि आबा पाटावरच आडवे झाले. जावयाने उचलून टांग्यात घातलं. टांगेवाल्याने घोडा असा पिटाळला की उरलेसुरले श्वास आबांनी रस्त्यातच संपवले असते.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. "काय खाल्लंत?"

आबा छताकडे बघायला लागले.

"आबा, सांगितल्याशिवाय मला कळणार कसं? काय खाल्लंत?"

"भावाच्या वाटचं," आबा डोळे मिटून म्हणाले.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. हृदय ठीक होतं, पण रक्तदाब बराच चढलेला होता. त्यांनी भिकुबाईंना बाजूला घेतलं. "हे पुन्हा होता कामा नये. या वयात झेपणार नाही, सांगून ठेवतो. तांदळाची पेज द्या, दुसरं काही नाही. आणि मनावर कसलं ओझं असेल तर ते आधी उतरवा. माझ्याकडे आता नव्या रंगाची गोळी शिल्लक नाही."

आबांना घरी आणलं. फडक्याखाली रोट तसेच होते. बाहेर देता येत नव्हते, टाकता येत नव्हते, आणि पुनव तोंडावर आली होती. खाटेवर पडल्या पडल्या आबा त्या फडक्याकडे बघत होते. त्यांना मरणाची एवढी भीती वाटत नव्हती. पण आईच्या हातापासून चालत आलेले रोट आपल्या कारकिर्दीत उरणार, याची लाज वाटत होती, आणि ते का उरले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपणच जीवरामला तोडलं आणि आपणच दाराकडे बघत बसलो. हे त्यांना त्या खाटेवर पहिल्यांदाच इतकं सरळ दिसलं, आणि दिसल्यावर पोटातल्या कळेपेक्षा जास्त दुखलं.

भिकुबाई तेवढ्यात परसात जावयाशी बोलत होत्या. "बापू, तुम्हले रोट खाता येत नाही. निरोप तर नेता येतो?"

"काय सांगू तिकडे?"

"सांगा, तुमच्या वाटचं खाऊन भाऊ मरायले टेकला. येवानं ते या."

जावयाने धुळ्याची एसटी धरली. एवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला. आधी दोन पोरं उतरली, मग रुपचंद उतरला, आणि मग रुपचंदने हात धरून एका म्हाताऱ्याला उतरवलं. श्रावणातल्या त्या उकाड्यात म्हाताऱ्याच्या अंगात काळा कोट होता. गालफडं बसलेली, मान काडीसारखी. आबांनी ओळखायला वेळ लावला. जीवराम त्यांच्याहून चांगला आठ-दहा वर्षांनी लहान.

जीवराम उंबऱ्याशी आला आणि बाहेरच उभा राहिला. "भाऊ, येऊ का मझार?"

आबा खाटेवर अर्धवट उठले. "आपला घरम्हा इचारीसन येतस का?"

"तू न्यारं रोट म्हने व्हता ना. मंग बोलावाशिवाय कसा येऊ?"

"आणि तू न्यारी कानबाई बसाडी, त्यानं काय?"

"कोनी सांगं?" जीवराम उंबरा ओलांडून आत आला आणि खाटेच्या कडेला टेकला. "मोठा भाऊ जित्ता असताना मी कशी बसाडसू?"

मग रुपचंदने सांगितलं. दर वर्षी कानबाईच्या रविवारी नाना, म्हणजे जीवराम, दुकान बंद ठेवायचे, अंघोळ करून धूतवस्त्र नेसायचे आणि ओट्यावर बसायचे. जळगावची शेवटची गाडी येऊन गेली की उठायचे आणि न जेवता झोपायचे. पुढेपुढे बाकीच्या दिवशीही जेवण कमी झालं. पोटात व्रण झाला. आता गेली काही वर्षं दूधभात, तोही डॉक्टरच्या धाकाने.

"आणि जीवरामनी बायको गयी तवय तुम्ही गयात नहीत," भिकुबाई आबांना म्हणाल्या. "मी कितलं सांगं व्हतं."

"भाऊ उना व्हता," जीवराम म्हणाला. भिकुबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "स्मशानना बाहेर, लिंबना झाडखाले उभा व्हता. मी देखं. माले वाटनं, आते येई, आते येई. मंग देखं ते झाडखाले कोनी नही."

आबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी ते दुकानातून परस्पर गाडीत बसले होते आणि परस्पर परतले होते, बायकोलाही कळू दिलं नव्हतं. "पाय उचलनात नहीत रे," ते म्हणाले. "चुकनं मन्हं. लई चुकनं."

एवढ्यात डॉक्टर आले. आबांची नाडी बघितली, बरी होती. मग खाटेच्या कडेला बसलेला दुसरा पेशंट त्यांना दिसला आणि सवयीने त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय होतंय बाबा? कधीपासून?"

"पोटात शे. रुपचंदना लगीनपासून," जीवराम म्हणाला.

डॉक्टर एकदम खुर्चीवर बसले. "मला एकदा सांगा, या रुपचंदच्या लग्नात जेवण काय होतं?"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. "ते काही माहीत नाही डॉक्टरसाहेब," आबा म्हणाले. "आम्ही दोघे जेवलोच नाही."

डॉक्टरांनी बॅग मिटली. जाताना भिकुबाईंना म्हणाले, "माझं औषध आलेलं दिसतंय. पण रोट दोघांनाही नको बरं का. दोघांच्याही जिवाशी खेळ होईल."

भिकुबाईंनी फडकं काढलं. रुपचंद आणि त्याची पोरं बसली. ज्या चळतीपायी आबा मरायला टेकले होते ती पोरांनी दुधात चुरून, गुळाबरोबर, हसत-खिदळत जेवण होईपर्यंत फस्त केली. वर धाकट्याने विचारलं, "अजून नही शेतस का?" त्याचा अर्धा रोट आबांनी खाऊन ठेवला होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही. दोन्ही म्हातारे पेजेचे वाडगे हातात घेऊन बघत राहिले. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे पुढ्यात आणि दात गेलेले.

तेव्हा कुठे आबांची नजर त्या कोटावर गेली. उजेडाकडे पाठ करून जीवराम वाडगा तोंडाला लावत होता आणि बाही बरोब्बर मनगटाच्या हाडावर बसली होती. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"हाऊ कोट कोना?"

"रुपचंदना. त्यानी परत घाला नही. माले आते थंडी वाजस, म्हणीसन मी घालस."

आबा उठून बसले. खांद्यावरून हात फिरवला, पाठीवरून फिरवला. कुठे सुरकुती नाही. जीवराम आटला होता म्हणून घेर सैल झाला होता, पण उंची आणि बाही जशीच्या तशी. असाच एक कोट त्यांनी उमेदीच्या दिवसांत शिवला होता, जीवरामच्या लग्नात. आयुष्यातला पहिला नवरदेवाचा कोट. रुपचंदचा कोट बेतताना टेप घेतली नाही, डोळे मिटले, आणि डोळ्यांसमोर नवरदेव म्हणून जो उभा राहिला त्याच्या मापाने कापड कापलं. तो रुपचंद नव्हताच.

हे त्यांनी जीवरामला सांगायचं ठरवलं, पण तोंडातून निघालं भलतंच. "नजर बराबर व्हती मन्ही. पोऱ्या चुकीना उभा व्हता."

जीवराम हसला. हसता हसता त्याला खोकला लागला, आणि पाठ चोळून त्याचा हात धरताना आबांच्या बोटांना बाहीच्या कडेला काहीतरी जाड लागलं. त्यांनी कड उलटली. आत दोन बोटं कापड दुमडून दाबलेलं होतं. त्यांनी स्वतःच ठेवलेलं. पोऱ्या वाढता आहे, पुढेमागे लागेल म्हणून. चार टाके उसवायचे आणि इस्त्री फिरवायची, एवढंच काम होतं. पंगत उठायच्या आत झालं असतं. आणि हे त्या मांडवात दोनच माणसांना माहीत असणार, कारण घरचे शिंपी दोनच होते.

"जीवराम, तुले माहीत व्हतं, मझार कापड शे?"

"व्हतं."

"मंग उसवं का नही?"

"तुन्हा टाका मी कसा उसवसू? मी वाट देखी ऱ्हायंतू, तू येशी आणि उसवशी."

आबांनी भिकुबाईंकडे कात्री मागितली, चष्मा लावला आणि बाही हातात धरली. "दे इकडे. आते उसवस."

जीवरामने हात मागे ओढून घेतला. "आते कसाले, भाऊ? आते माले बराबर बसस."